अकरा गाठी

१

सन दोन हजार चार. कार्तिक पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. धान कापून बांध्यांत पडलं होतं, सकाळी तलावावर धुकं बसायचं, आणि त्या धुक्यातून केवळरामच्या जाळ्यात जी मासोळी वर येत होती तिच्या अंगावर लाल चट्टे होते.

केवळराम अडुसष्ट वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरगा बाहेरगावी कामाला, घरात एकटा. पन्नास वर्षं त्यानं एकाच तलावात जाळं टाकलं आणि मासोळीबद्दल कोणाला एक शब्द विचारला नाही. पण मरळीच्या पाठीवर रुपयाएवढी जखम पाहिली, आणि त्यानं सायकल काढली. धानोऱ्याला जाऊन गडचिरोलीच्या मासेखात्याच्या साहेबाला फोन लावायचा होता.

फोनचं दुकान साधनाचं होतं. काचेची एक खोली, एक फोन, आणि गेल्या पावसाळ्यापासून एक कॉम्प्युटर. ही साधना केवळरामच्याच गावची, दसरूची पोर. दसरू म्हणजे केवळरामचा जाळ्यातला जोडीदार. ती तीन वर्षांची असताना दसरू तलावात बुडाला. पुढं आईही गेली. पोर मामाकडे वाढली, शिकली, आणि चार वर्षांपूर्वी सून म्हणून धानोऱ्यात आली. नवरा स्वप्निल गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी यायचा. तेव्हापासून दर बाजाराला केवळराम तिच्या दाराशी मासे ठेवायचा आणि निघून जायचा. चार वर्षांत चार वाक्यं बोलला असेल.

साहेब जागेवर नव्हते. केवळरामनं फोन खाली ठेवला.

"तोंड असं काऊन केलं काकाजी?"

"मासोळी सडून राह्यली."

"बसा. इथी पाहू." तिनं कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"त्या डब्याले मासोळीचं काय माहीत?"

"तुमच्यापेक्षा कमीच असन. पण विचारल्यानं तोंड वाकडं होत नाई."

तो बसला. यंत्र किरकिरलं, किंचाळलं, शांत झालं. मग वरून खाली, चटई उलगडावी तसा एकेक पट्टा करत एक फोटो उतरला. मरळ. पाठीवर लाल जखम. केवळरामनं मान पुढं केली. कोणत्या मुलुखातली मरळ होती देव जाणे, पण जखम तीच.

साधनानं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. थंडीत पाणी बिघडलं की हे होतं. पाण्यात चुना टाका. तलाव एवढा असेल तर चुना एवढा, दोन हप्त्यांनी पुन्हा.

केवळराम उठला. जाताना चुन्याची पोती बांधून घेऊन गेला.

२

बाराव्या दिवशी जखमा वाळल्या. तो परत आला, दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "चोख काम आहे."

हा शब्द त्यानं स्वतःच्या पोरालाही कधी दिला नव्हता.

त्यानंतर बाजार उठला की तो साधनाच्या दुकानात येऊन बसू लागला. तिच्याकडे एक निळी वही होती. इंटरनेटवर कामाची किंवा मजेची जागा सापडली की ती त्या वहीत उतरवून ठेवायची. लोक येत, ती वही उघडून विचारायची, "काय पाहिजे?" कोणाला बल्लारशाच्या गाड्यांच्या वेळा. कोणाला पोराचा निकाल. कोणाला विंचवावरचं औषध. केवळराम पाठीमागच्या स्टुलावर ताठ बसून सगळं पाहायचा.

आभाळातून काढलेला ढगांचा फोटो त्याला सगळ्यात आवडला. बंगालच्या बाजूचा पांढरा भोवरा पाहून त्यानं सांगितलं, परवा वारा फिरेल. फिरला. "मी पायाच्या अंगठ्यानं वळखतो, तो वरून पाहून वळखते," तो म्हणाला. "दोघंही खरे."

एक जागा पाखरांच्या आवाजांची होती. साधना तिथं ऐकायला कानाला लावायच्या वाट्या द्यायची. टिटवी ऐकून त्यानं मान हलवली. "ही टिटवी बोलून नाई राह्यली. भेली आहे. फोटोवाला घरट्यापाशी गेला असन."

आणि एका जागेवर वाघबकरीचा डाव होता. यंत्र वाघ, केवळराम बकऱ्या. तीन डाव त्यानं वाघ कोंडले.

"हरवलं तुम्ही त्याले!"

"हरते, पण रागावत नाई. माणूस असता तं पट उधळला असता." मग म्हणाला, "ज्यानं बनवलं तो शहाणा माणूस आहे. त्याले राम राम सांग."

"कसा सांगू? तो कुठी अन आपण कुठी."

"तुह्या वहीत लिहून ठेव."

तिनं खरंच लिहिलं. असे ते दिवस होते. गावात कोणी यंत्राला नाव ठेवलं तर केवळराम फटकन म्हणायचा, "तुले काय समजते? माझी मासोळी कोणं वाचवली?"

३

पौषात साधनानं त्याच्यासाठी म्हणून एक जागा शोधली. दोरीच्या गाठींची.

कोण्या समुद्राकडच्या माणसानं ती बनवली होती. एकेक गाठ, तिचे सहा-सात फोटो, आणि फोटोत गाठ बांधणारे दोन हात. गोरे, मनगटावर सोनेरी लव. केवळराम स्टूल ओढून पुढं बसला. नावेची गाठ, ओझ्याची गाठ, ताण आला की आवळणारी आणि झटका दिला की सुटणारी. त्याचे स्वतःचे हात मांडीवर हलू लागले. दोन तास तो उठला नाही.

"चोख," तो दर गाठीला म्हणत होता. "चोख हात आहे."

पानं संपली. साधनानं खाली सरकवलं. शेवटच्या गाठीच्या खाली अजून एक फोटो उतरत होता. त्याला नाव नव्हतं.

वरून एक पट्टा आला: लाकडी खांबाची कड. दुसरा: सावळी मनगटं. तिसरा: हात. डाव्या हातात बांबूची सुई, उजव्यात जाळं.

त्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं होतं.

चौथा पट्टा येण्याआधी फोनची लाईन तुटली.

"असंच होते," साधना म्हणाली. "पुन्हा लावू का?"

"नको."

जाळ्यातली गाठ त्यानं पाहिली होती. दोन वेढ्यांची, खालून वर, डाव्या हाताची. सारे एक वेढा घालत. दोन वेढे घालणारा त्या तलावावर एकच माणूस झाला, दसरू, आणि त्याला मरून वीस वर्षं झाली होती.

सायकलवर बसून तो गावाकडे निघाला आणि वाटेत त्यानं हिशेब जुळवला. एकोणऐंशी साली खात्याचा एक साहेब कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं सगळ्यांचे फोटो काढले होते. त्यातलाच असेल. कोणीतरी आता यंत्रात टाकला. फोटोला काय, कुठंही जातो.

हिशेब जुळला. तरी सायकल नेहमीपेक्षा जड चालत होती.

४

त्यांच्यात एक रीत होती. आपलं जाळं आपण विणायचं, पण शेवटची कड आपण बांधायची नाही. ती जोडीदारानं बांधायची, समोरासमोर बसून, जाळं दोघांच्या मध्ये ठेवून. मालक सुई पुढं करतो, मागचं टोक जोडीदाराकडे. जोडीदार खाली मान घालून बांधतो. शेवटची गाठ झाली की मालक दातांनी दोरा तोडतो. मगच ते जाळं पाण्यात जातं. याला ते उसना हात म्हणत. आज मी तुझी कड बांधली, उद्या तू माझी बांध.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दसरूनं केवळरामच्या जाळ्याची कड बांधून दिली. मग दसरूचं नवं जाळं तयार झालं. केवळराम त्याच्यासमोर बसला. दोनशे गाठी. मच्छीमार संस्थेच्या कागदावर सही करताना केवळरामला वेळ लागायचा, त्यावरून दसरू हसत म्हणाला, "तुह्या गाठीले अन तुह्या सहीले सारखाच वेळ. दोन्ही वाकड्याच."

केवळरामनं सुई खाली ठेवली आणि उठून गेला. अकरा गाठी बाकी होत्या.

दसरूनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी साधनाचं जावळ होतं, घरी पाहुणे होते, मासे पाहिजे होते. तो तेच जाळं घेऊन डोंग्यातून तलावात गेला. संध्याकाळी केवळरामनंच त्याला पाण्यातून काढलं. कडेचा मोकळा दोरा डाव्या घोट्याला तीन वेढे बसला होता. केवळरामनं तो सुरीनं कापला, कोणी पाहायच्या आत जाळं घरी नेलं, माळ्यावर टाकलं. विचारलं त्यांना सांगितलं, जाळं तलावात गेलं.

फोटो दिसला त्याच्या पुढच्या बाजाराला केवळराम दुकानात गेला नसता, पण पाय गेले. साधना स्वतःच म्हणाली, "तो फोटो पाहाचा का? काल बराच खाली उतरला होता."

खांब आला. मनगटं आली. नख आलं. या वेळी खांबाच्या बाजूची भिंतही दिसली, तिच्यावर खुंटी, आणि खुंटीला अडकवलेलं रिकामं पोतं. पोत्यावर लाल अक्षरं, खाली फाटलेला कोपरा.

ते चुन्याचं पोतं होतं. केवळरामनं ते त्याच दिवशी सकाळी, निघताना, आपल्या ओसरीच्या खुंटीला अडकवलं होतं.

"एकोणऐंशीचा आहे," तो मोठ्यानं म्हणाला.

"काय म्हणलं काकाजी?"

"काई नाई."

फोटोतले हात थांबलेले होते. डाव्या हातानं सुई पुढं केली होती, मागचं टोक बघणाऱ्याकडे. लाईन तुटली.

तो घरी आला तेव्हा उन्हं कलती होती. वारा नव्हता. खुंटीवरचं पोतं हलत होतं. त्याच्याखाली सारवलेली जमीन ओली होती, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी.

घागर झिरपली असेल, केवळराम म्हणाला. मग त्यानं पाहिलं, घागर ओसरीच्या दुसऱ्या टोकाला होती.

५

दोन बाजार तो गेला नाही. तिसऱ्याला मासे घेऊन गेला. दाराशी ठेवून निघायचं ठरवलं होतं. पण आतून आवाज येत होता. सर्र. टक. सर्र. टक. दोरा ओढला की सर्र, गाठ आवळली की टक.

साधना कॉम्प्युटरपुढं बसली होती. तिचं लक्ष पडद्यावर होतं आणि मांडीवर तिचे हात फोनच्या जुन्या वायरला गाठी घालत होते. डाव्या हातानं. दोन वेढे, खालून वर.

"काय करून राह्यली?"

ती दचकली. "हे? हात आपोआप चालते आजकाल."

"कोणं शिकवलं?"

"कोणीच नाई. त्या पानावर पाहून आलं असन." ती हसली. "काकाजी, आता तं नुसतं यंत्र लावलं की तेच पान येते. अन पुरं येते. पाहा."

त्याला पाहायचं नव्हतं. फोटो उतरायला लागला होता.

खांब. पोतं. हात. सुई पुढं केलेली, पण तिचं मागचं टोक आता समोर नव्हतं. ते डावीकडे वळलं होतं, पडद्याच्या कडेकडे. त्या बाजूला साधनाची खुर्ची होती.

लाईन या वेळी तुटली नाही. अजून एक पट्टा. गुडघे, धोतर भिजून पायांना चिकटलेलं. अजून एक. डावा घोटा. त्यावर दोऱ्याचे तीन वेढे, आणि वेढ्यांच्या मध्ये फुगलेली, पांढरी पडलेली कातडी.

"काकाजी, उद्या मी गावाले येतो म्हणते," साधना सांगत होती. "तलाव पाहाचा आहे. लहानपणापासून कोणी जाऊ नाई दिलं. दोन-तीन दिवस झाले, मनात तेच येते. डोंगा मिळन का एखादा?"

केवळराम खाली वाकला. टेबलाखाली अंधार होता. फोनची वायर भिंतीतून यंत्राकडे जाता जाता साधनाच्या डाव्या घोट्याला गुंडाळली होती. त्यानं बोट लावून वेढे मोजले.

तीन.

त्यानं कमरेची मासे कापायची सुरी काढली आणि वायर कापली.

"काकाजी! लाईन तोडली ना माझी!"

"आवाज कशाचा येते?"

"कोणता आवाज?"

"यंत्रातून. सर्र, टक."

"यंत्राले आवाजच नाई. त्या कानाच्या वाट्या काढून ठेवल्या मी." ती बोलता बोलता थांबली. तिलाही ऐकू येऊ लागलं होतं. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. हात स्वस्थ होते. आवाज चालू होता.

६

केवळरामनं पायरीवर बसून तिला सांगितलं. सही, थट्टा, अकरा गाठी, घोट्याचा दोरा, माळ्यावरचं जाळं. थोडक्यात सांगितलं, त्याला जास्त बोलता येत नव्हतं. सांगताना त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ते त्यानं आजवर कोणापुढं काढलं नव्हतं.

साधना म्हणाली, "चार वर्षं झाली, दाराशी मासे ठेवून राह्यले तुम्ही. मले वाटे, माझ्या बापाचा दोस्त किती चांगला माणूस आहे."

केवळराम मांडीवरच्या पागोट्याचा पीळ सोडवू लागला.

"मासोळीनं फिटते का काकाजी हे?"

"नाई."

"मंग?"

"गाठी बांधा लागतीन."

"मंग इतकी वर्षं काऊन नाई बांधल्या?"

"बांधल्या असत्या तं माझीच चूक ठरली असती." तो जमिनीकडे पाहून म्हणाला. "ते मले कबूल नव्हतं."

ती उठली. दुकानाचं शटर ओढून घेतलं. "चला."

"तू कुठी?"

"जावळ माझं होतं ना? मी येतो."

"तलावाकडे पाहाचं नाई. उंबऱ्याच्या आत बसाचं."

"बरं."

ती सायकलवर मागं बसली. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "दिसाले कसे होते ते?"

"तुह्यासारखा," केवळराम म्हणाला. "हसाचा लय."

७

दुपारचं ऊन ओसरीच्या अर्ध्यात आलं होतं. त्यानं माळ्यावरून जाळं काढलं. धूळ झटकली. वीस वर्षांचं सुती जाळं, उंदरांनी तोंड लावायला पाहिजे होतं. एक धागा तुटलेला नव्हता. दसरूच्या गाठींवरून त्यानं अंगठा फिरवला. दोन वेढे, खालून वर, एकसारख्या, घट्ट.

"चोख," तो म्हणाला. हे दसरूला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

त्यानं नवा दोरा पिळला, बांबूच्या सुईत भरला. जाळ्याचं एक टोक खुंटीखाली ठेवलं, मोकळी कड आपल्या मांडीवर घेतली, आणि भरलेली सुई मध्ये ठेवली. साधना उंबऱ्याच्या आत, दाराला पाठ लावून बसली होती.

कड बांधणाऱ्यानं वर पाहायचं नसतं. केवळरामनं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

गोठ्यात गाय एकदा हंबरली, मग गप्प झाली. जाळ्याखाली जमीन ओली होत समोरून त्याच्याकडे सरकत आली, हातभर अंतरावर थांबली. तलावाच्या तळच्या गाळाचा वास आला. सुई जमिनीवर फिरली. मागचं टोक त्याच्याकडे.

त्यानं ती उचलली. थंड होती.

पहिली गाठ. समोरून कोणीतरी जाळं ताणून धरलं. बांधणाऱ्याला सोपं जावं म्हणून जोडीदार धरतो तसं, ना जास्त ना कमी. सर्र. टक. दुसरी. तिसरी. ही गाठ वाकडी बसली. त्यानं ती सोडवली, परत बांधली. समोरचा ताण तेवढाच राहिला. घाई नव्हती.

"काकाजी," आतून साधना हळूच म्हणाली, "हसून कोण राह्यलं?"

"मोज तू," तो म्हणाला. "मोठ्यानं."

"चार," साधना म्हणाली. "पाच."

सहाव्या गाठीला ऊन त्याच्या गुडघ्यावर आलं. आठव्याला त्याचे डोळे भरले, त्यानं बाहीनं पुसले, पण मान वर केली नाही. नवव्या गाठीच्या वेळी जाळ्याच्या पलीकडे, नजरेच्या अगदी कडेला, त्याला एक पाय दिसला. भिजलेला, पांढरा. घोट्यावर तीन वळ होते. दोरा नव्हता.

"दहा," साधनाचा आवाज बारीक झाला होता.

केवळरामनं शेवटचा दोरा ओढला. या वेळी त्यानं एक नाही, दोन वेढे घातले. खालून वर.

"अकरा."

त्यानं हात बाजूला केले, दोरा पुढं धरला आणि डोळे मिटून घेतले. बोटांपाशी गार श्वास आला. कट्.

डोळे उघडले तेव्हा ओसरीवर ऊन होतं. जमीन कोरडी होती. जाळं सैल पडलं होतं, आणि त्याच्या बोटांत राहिलेल्या दोऱ्याचं टोक ओलं होतं, दातांनी तोडलेलं.

उसना हात फिटला.